ट्यूब बंद केल्यावर

मी आत पाऊल टाकलं की काका आधी उठून ट्यूब लावतात. घरी आलेल्याला पाणी द्यावं तसं. आणि मग मी म्हणते, "काका राहू द्या ना, बंदच करा," आणि ते दरवेळी तितक्याच आश्चर्याने विचारतात, "अंधारात काय दिसणार तुम्हाला ताई?" दोन वर्षं होत आली, हे आमचं आता ठरलेलंच झालंय, पण पहिल्यांदा त्यांनी हे विचारलं होतं तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण मलाही तेच वाटत होतं की अंधारच आहे की, इथे कसला फोटो निघणार.

जागा म्हणजे जुन्या नाशकातला एक बोळ. रविवार कारंज्याच्या आसपास कुठेतरी गाडी लावायची (मिळाली जागा तर) आणि पुढे चालत जायचं. तांबट लेन, भांडी बाजार, सराफ बाजार, दहीपूल, हा सगळा पट्टा गंगेकडे उतरत जातो. आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो, त्यामुळे "गंगेवर जाऊन आले" म्हटलं की बाहेरच्या माणसाला वाटतं काशीला गेली होती. तर त्या उतारावर काकांचा कारखाना. काका तांबट, म्हणजे तांब्याची भांडी घडवणारे. कारखाना म्हणजे एकच लांबट खोली, पुढे दार, मागे भिंत, खिडकी नाही, वर पत्रा. त्या पत्र्यात मधोमध एक फायबरचा तुकडा बसवलाय उजेडासाठी, तो आता पिवळा पडलाय. डाव्या भिंतीला चुना, त्यावर कमरेच्याही वर एक तपकिरी रेघ आहे, ती २०१६ च्या ऑगस्टमधल्या पुराची. काका दर दिवाळीला चुना मारतात आणि ती रेघ परत वर येते.

मी तिथे गेले ते फोटो काढायला नाही. पंचवटीतला आमचा वाडा पाडायला निघाला तेव्हा आजीचा पाणी तापवायचा तांब्याचा बंब कोणालाच नको होता, फ्लॅटमध्ये बंब ठेवणार कुठे आणि पेटवणार कुठे, तो मी घेऊन आले. बुडाशी गळत होता. चार ठिकाणी विचारलं, सगळे म्हणाले मोडीत घाला, चांगला भाव येईल. शेवटी कुणीतरी काकांचं सांगितलं. काकांनी बंब उलटा केला, आतून बोट फिरवलं, बाहेरून टिचकी मारली, कान लावला आणि म्हणाले, "हा हाताचा आहे. बसा, करून देतो." त्या दोन तासांत मी पहिल्यांदा नीट बसून कुणाला तांबं ठोकताना बघितलं. त्यांच्या मांडीजवळ लोखंडी खुंटा, त्यावर भांडं, डावा हात भांडं इंचाइंचाने फिरवतोय आणि उजव्या हातातली हातोडी एकाच उंचीवरून एकाच जागी येतेय, घाव मात्र शेजारी शेजारी पडत जातायत, कारण सरकतंय ते भांडं. ह्याला मठारणं म्हणतात. नुसती नक्षी नाहीये ती, घावाखाली तांबं दाबलं जातं, कडक होतं, म्हणून तेवढ्याच पातळ पत्र्याचं भांडं मजबूत होतं. घरी बंब आणला, घासला, चिंच लावून लख्ख केला आणि रात्रभर मला ते दोन हातच दिसत होते.

पुढच्या सुट्टीला कॅमेरा घेऊन गेले. सेकंडहँड घेतलेला, बरोबर आलेली साधी लेन्स, आणि सगळं ऑटोवर. काकांनी ट्यूब लावली, कामाला बसले. मी समोर उभी राहिले, हातोडी वर गेली, मी बटण दाबलं आणि कॅमेऱ्याने स्वतःच ठरवलं की उजेड कमी आहे, फ्लॅश वर आला आणि उडाला.

घाव अंगठ्यावर बसला.

काका ओरडले नाहीत. हातोडी खाली ठेवली, अंगठा मुठीत धरला आणि डोळे मिटून बसून राहिले. मी काकुळतीला येऊन सॉरी म्हणत होते तर म्हणाले, "थांबा, डोळ्यापुढे निळा ठिपका आलाय, तो जाऊ द्या." काकू आतून हळद घेऊन आल्या, माझ्याकडे बघितलं, काही बोलल्या नाहीत. ते न बोलणं मला अजून आठवतं. ते नख पुढे काळं पडलं, मग गेलं, नवीन यायला बरेच महिने लागले आणि त्या महिन्यांत मी जेव्हा जेव्हा गेले तेव्हा माझी नजर आधी त्या अंगठ्यावर जायची. पन्नास वर्षं हातोडी चालवलेला माणूस, त्याचा नेम एका सेकंदाच्या हजाराव्या भागात मी चुकवला. अंधारलेल्या खोलीत काम करणाऱ्याच्या डोळ्याची बाहुली मोठी झालेली असते, त्यात तेवढा उजेड एकदम गेला की काही सेकंद मधोमध काहीच दिसत नाही, आणि हातोडी तर निघालेली असते. हे मला आधी माहीत असायला हवं होतं. कॅमेऱ्याच्या पुस्तिकेत फ्लॅश कसा चालू करायचा ते पहिल्या पानांवर असतं, समोरच्याच्या हातात काय आहे ते बघा असं मला तरी कुठे सापडलं नाही.

तो फोटो मी डिलीट केलेला नाही. मुद्दाम ठेवलाय. त्यात काका पांढरेफटक दिसतात, मागची खोली काळी ठार, जणू ते कुठल्यातरी विहिरीच्या तोंडाशी बसलेत. कारण साधं आहे, फ्लॅशचा उजेड अंतर दुप्पट झालं की पाव उरतो, तिप्पट झालं की नववा हिस्सा, त्यामुळे जवळचा माणूस भाजून निघतो आणि मागे काही पोचतच नाही. पण मला जास्त लागलं ते हंड्याचं. हंड्यावर एक पांढरा जाळ झाल्यासारखा डाग, आणि बाकी भाग सपाट. घाव कुठेच नाहीत! सकाळपासून त्या माणसाने हजारो घाव घातले होते आणि फोटोत तो हंडा मशीनवर ओढून काढल्यासारखा गुळगुळीत.

आता खरं सांगायचं तर हे मला कळायला पाहिजे होतं, कारण हे माझं रोजचं काम आहे. मी अंबडला एका कंपनीत क्वालिटीला आहे, पत्र्याचे पार्ट्स तपासायचे, डेंट, लाट, ओरखडा. आमच्याकडे नवीन पोरं येतात ती पार्ट दिव्याखाली सरळ धरतात आणि म्हणतात मॅडम ओके आहे. मी त्यांना म्हणते तिरका धर, उजेड पत्र्यावरून घसरला पाहिजे. समोरून आलेल्या उजेडात खड्ड्याची सावली खड्ड्याच्या मागेच लपते, बाजूने आला की छोटासा डेंटही एका बाजूने उजळतो आणि दुसऱ्या बाजूने काळवंडतो, लगेच दिसतो. इतकी वर्षं हे मी शिकवतेय आणि कॅमेरा हातात आल्यावर मात्र दिवा थेट लेन्सच्या डोक्यावरून समोर मारला. कंपनीतलं डोकं आणि सुट्टीचं डोकं वेगळं असतं की काय कोण जाणे.

मग मी ठरवलं की कॅमेरा न्यायचाच नाही काही दिवस. नुसती जायचे, दाराजवळ एक पोतं होतं त्यावर बसायचे. माफी म्हणून म्हणा हवं तर. काकूंचा चहा सुरू झाला तिसऱ्या वेळेपासून, म्हणजे तेव्हा मला माफी मिळाली असावी.

आणि बसून बसून एकेक दिसायला लागलं. पहिलं म्हणजे मी नसते तेव्हा ट्यूब बंदच असते. वीज वाचवायला असेल असं मला वाटलेलं. विचारलं तर काका म्हणाले, "ट्यूबमध्ये घाव दिसत नाही ना." म्हणजे? तर त्यांनी मला स्वतःच्या जागेवर बसवलं. खाली, जमिनीवर, खुंट्यापाशी, दाराकडे डावा खांदा करून. मांडीवर हंडा दिला. आणि मी बघितलं तर प्रत्येक घावाच्या वाटीत दाराचा एक एक छोटा उजेड बसलेला, मोत्यांची ओळ घातल्यासारखा, हंडा फिरवला की ती ओळ सरकते, आणि जिथे घाव वाकडा पडलाय तिथे मोती जागेवरून हललेला दिसतो. काका घाव बघतच नाहीत, ते ह्या मोत्यांची ओळ बघतात. पुढचा घाव कुठे घालायचा ते त्यांना ही ओळ सांगते. वर ट्यूब लावली की प्रत्येक वाटीत दोन उजेड येतात, दाराचा एक आणि ट्यूबचा एक, लांबट, आणि ओळ मोडते.

मी तशीच बसून राहिले. काकूंनी दोनदा चहाला हाक मारली.

मग विचारलं, भट्टी एवढ्या आत का, कोपऱ्यात, जिथे काहीच दिसत नाही? तर म्हणाले, उजेडात ताव कळत नाही. ठोकून ठोकून तांबं कडक होतं, आणखी ठोकलं तर फाटतं, म्हणून मधे मधे भट्टीत घालून त्याला ताव द्यावा लागतो, की परत मऊ होतं. किती तापवायचं ते रंगावरून. नुसता अंधुक लाल झाला की काढायचा. कुठलीही वस्तू साधारण सव्वापाचशे अंश सेल्सियसच्या आसपास तापली की अंधारात जेमतेम लाल दिसायला लागते, आणि तांबं वितळतं १०८५ अंशांना, ह्या दोन्हींच्या मधे काकांना हवा तो ताव असतो. उन्हात तोच पत्रा काळाच वाटतो, माणूस म्हणतो अजून तापू दे, आणि पत्रा जळतो. काढल्यावर ते तो सरळ पाण्यात बुडवतात. मी म्हटलं आता कडक होईल ना, तर हसले, "ते लोखंडाचं. पोलाद पाण्यात घातलं की कडक होतं, तांबं मऊ ते मऊच राहतं." त्यांच्याकडे थर्मामीटर नाही. अंधार हाच त्यांचा थर्मामीटर आहे.

आणि छपरातला तो फायबरचा तुकडा! नाशिक २० अंश अक्षांशावर, त्यामुळे मेच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर असतो आणि उजेडाचा चौकोन तुकड्याच्या खाली सरळ जमिनीवर पडतो. डिसेंबरात तोच सूर्य दुपारीसुद्धा ४६-४७ अंशांच्या वर चढत नाही, मग चौकोन उत्तरेकडे सरकत सरकत थेट भट्टीच्या कोपऱ्यात जातो. म्हणून थंडीत काका आतून त्या तुकड्यावर एक पोतं बांधतात. आपल्याकडे घड्याळात बारा वाजले तरी खरी मध्यान्ह साधारण साडेबाराच्या पुढेमागे होते, कारण आपली वेळ ठरते ती पार पूर्वेकडच्या रेखांशावर. काकांना रेखांशाचं काही माहीत नसेल पण पोतं ते साडेअकराला बांधतात आणि जेवून उठल्यावर सोडतात. मी वहीत वेळ लिहून ठेवली होती, दोन-तीन डिसेंबरच्या दुपारी, बरोबर बसते.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी ज्याला अंधारी खोली समजत होते ती एका माणसाने पन्नास वर्षं लावून बसवलेली प्रकाशयोजना आहे. दार डावीकडे, समोर चुन्याची भिंत, ती दाराचा उजेड परत फेकते म्हणून उजव्या हाताची सावली गडद पडत नाही, भट्टीमागे मुद्दाम न पुसलेली काजळी, वर पोतं. ह्यात मी वर एक दिवा आणून लावायचा म्हणजे दुसऱ्याच्या स्वयंपाकात न विचारता मीठ टाकण्यासारखं होतं. माझं म्हणणं एवढंच आहे. फ्लॅशमुळे मूड जातो, नैसर्गिक वाटत नाही, वगैरे सगळे सांगतात, ते असेल खरं. पण कारागीर ज्या उजेडात बघतो तो त्याच्या हत्यारांपैकी एक आहे, तो पुसून टाकून काढलेल्या फोटोत तुम्ही त्याचं काम दाखवतच नाही, एक वयस्कर माणूस हातात हातोडी घेऊन बसलाय एवढंच दाखवता.

मग प्रश्न राहिला की ह्या उजेडात फोटो काढायचा कसा. इथे मी बरीच धडपडले, ते थोडक्यात सांगते कारण कुणाला तरी उपयोग होईल.

लेन्स बदलली. कॅमेऱ्याबरोबर आलेली लेन्स ५० एमएमला ५.६ च्या पुढे उघडत नव्हती (हा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं तोंड मोठं), मी ५० एमएमचीच १.८ वाली घेतली, सगळ्यात स्वस्त असते ती. ५.६ आणि १.८ मध्ये फरक किती, तर जवळजवळ दहापट उजेड. दाराजवळ काका बसले की आयएसओ (म्हणजे कॅमेरा उजेडाला किती हळवा ते) १६००, २.८ आणि शटर १/१२५ सेकंद, एवढ्यात आरामात जमतं. भट्टीपाशी मात्र ३२००, १.८ आणि १/६०, आणि तरी काठावर. फोटोत दाणे येतात, येऊ देत. मला ते दाणे आवडतात असं नाही, पण काळा पडलेला अंगठा आठवला की दाण्यांचं काही वाटत नाही.

१.८ ला एक अडचण आहे, दीड मीटरवरून बघितलं तर जेमतेम सहा-सात सेंटिमीटरचा पट्टाच शार्प येतो. म्हणजे काकांचे डोळे घ्या नाहीतर हातोडी घ्या. सुरुवातीला मी डोळ्यांवरच फोकस करायचे, सगळे तेच सांगतात. फोटो चांगले यायचे पण काहीतरी चुकतंय वाटायचं. मग एकदा घाव जिथे पडतो तिथे फोकस केला, काकांचा चेहरा थोडा मऊ, धूसर राहिला, आणि तो फोटो बघताना आपोआप आपण काका बघतायत तिकडे बघतो. तेव्हापासून मी तसंच करते. चेहऱ्याचा फोटो हवा असेल तर काम थांबल्यावर काढते, चहाच्या वेळी, विचारून.

कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर अंधाऱ्या खोलीत फसतं हेही लक्षात ठेवायचं. त्याला सगळं जग मधल्या करड्या रंगाचं करायचं असतं, मग काजळीची भिंत तो उजळून करडी करतो आणि तांब्याची चमक पांढरी फाटून जाते. मी उजेड एक पायरी कमीच ठेवते, कधी दीड. काजळी काळी दिसली पाहिजे, ती काळीच आहे.

ट्यूबचं सांगायचं राहिलं. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुन्या ट्यूब आणि साधे एलईडी सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होत असतात, डोळ्याला कळत नाही पण शटर फास्ट ठेवलं की कळतं, एक फोटो उजळ, एक काळपट, किंवा आडवे पट्टे. अगदी ट्यूब लावावीच लागली तर १/५० किंवा १/१०० वर ठेवायचं. आणि रंगाचा घोळ वेगळाच. दारातून येणारं आभाळ निळसर, ट्यूब हिरवट, निखारे तांबडे, आणि मधे तांबं, जे स्वतःच प्रत्येक उजेडाला आपला रंग देतं. ट्यूबखाली तांबं मळकट दिसतं, शिळ्या मांसासारखं. ट्यूब बंद केली की निळं आणि तांबडं दोनच उरतात आणि त्या दोघांचं छान जमतं.

हलत्या हातोडीचं काय करायचं? इथे काकांनीच मदत केली, नकळत. त्यांचा ठोका घड्याळासारखा पडतो. आमच्या कॉलनीत उंबर आहे, फेब्रुवारी संपत आला की त्यावर तांबट पक्षी टुक टुक टुक सुरू करतो, दिवसभर, न थकता, त्याला तांबट नाव पडलं ते ह्याच आवाजावरून. काकांच्या लयीत बसलं की कळतं, हातोडी वर गेल्यावर एक क्षण अगदी थांबते, खाली यायच्या आधी. झोका टोकाला थांबतो तशी. तेवढ्या क्षणात १/६० लाही हातोडी स्पष्ट येते. मी ठोके मोजते, मनात आकडे म्हणते, श्वास सोडते, खांदा भिंतीला टेकलेला असतो, आणि टोकाला बटण. आणि कधी उलटं करते, १/१५ वर नेते, मग हातोडी धुरासारखी येते आणि डावा हात, भांडं धरलेला, दगडासारखा स्थिर. मला हा दुसरा फोटो जास्त खरा वाटतो कारण काका स्वतःच म्हणतात की मारणारा हात कुणालाही शिकवता येतो, धरणारा हात शिकवता येत नाही. शटरच्या आवाजाची काळजी करायची गरज नाही, इतकी वर्षं ठोक्यात बसून काकांना ऐकू कमी येतं, आमचं सगळं बोलणं ओरडून चालतं. मी कानात कापूस घालून बसते. ते घालत नाहीत, मी दोनदा प्लग आणून दिले, ते देवळीत ठेवलेत, नीट, डबीत. म्हणे कान बंद केले तर घाव पोकळ बसला की भरीव हे कळणार कसं. खाली खुंट्याला पत्रा टेकलेला नसला की घाव पोकळ वाजतो. म्हणजे कानही गेला तो कामातच आणि लागतो तोही कामालाच. ह्यावर मला काय बोलावं ते अजून सुचलेलं नाही.

एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती आणि कुठे वाचलीही नव्हती. काका मांडीवर तांब्याचा नवा पत्रा घेऊन वाकतात तेव्हा दारातला उजेड पत्र्यावर पडून वर उडतो आणि त्यांच्या हनुवटीखाली, गळ्यावर, चष्म्याच्या खालच्या कडेला तांबूस रंग चढतो, संध्याकाळ झाल्यासारखा. पत्रा हलला की तो रंग चेहऱ्यावर हलतो. सकाळी दहाला, ढगाळ दिवशीसुद्धा. तांब्याने तांबटाला दिलेला उजेड आहे तो. फ्लॅशच्या फोटोत शोधला, नाहीच. असणार कसा, एवढा नाजूक रंग त्या पांढऱ्या लोटात टिकेल होय.

दादासाहेब फाळके आमच्याच भागातले, १८७० मध्ये त्र्यंबकेश्वरला जन्म, १९४४ मध्ये नाशकातच गेले. सिनेमाच्या आधी ते फोटोग्राफर होते. पांडवलेण्याच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे, लहानपणी सहलीला जायचो तेव्हा कारंजी बघायला जायचो, एवढंच. मोठी झाल्यावर त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंबद्दल वाचलं, की त्या काळातलं शूटिंग सगळं उन्हाच्या भरवशावर, आणि त्या तासन् तास पांढऱ्या चादरी धरून उभ्या राहायच्या, सावलीत उजेड टाकायला, शिवाय फिल्मला भोकं पाडण्यापासून धुण्यापर्यंत सगळं. त्यांचं नाव आपण किती कमी घेतो. हे मी काकूंना सांगितलं तर त्यांनी ते फार मनावर घेतलं. एकदा भट्टीपाशी फारच काळोख होता, पावसाळी दिवस, तर काकू न सांगता आतून धुतलेला पांढरा पंचा घेऊन आल्या आणि दाराकडे तोंड करून दोन्ही हातांनी ताणून उभ्या राहिल्या. "असं धरायच्या का त्या?" काकांच्या गालावर उजेड आला, मऊ, पिठासारखा. त्या दिवशीचे चारच फोटो आहेत. माझ्याकडे असलेल्यांतले सगळ्यात चांगले तेच.

मधे येवल्याला जाऊन आले, पैठणीवाल्यांकडे. तिथे खड्ड्याच्या मागावर बसलेला विणकर, खिडकी अगदी शेजारी, तार न् तार मोजायची तर उजेड बाजूचाच लागतो. जरीची तार म्हणजे आरसाच, फ्लॅश मारला की पदर पेटलेला दिसतो आणि मोराचा रंगच कळत नाही. मी त्या दादांना आधीच विचारलं, तुम्ही कुठे बसून बघता, मी तिथे बसू का? त्यांनी जागा करून दिली. त्याबद्दल कधीतरी वेगळं लिहीन, ते एवढ्यात मावणार नाही.

गेल्या महिन्यात मी ट्यूब बंद ठेवून काढलेल्या हंड्याच्या एका फोटोचा मोठा प्रिंट काढला, बारा बाय अठरा इंच, चमकता कागद नको म्हणून सांगून मॅट काढला, आणि काकांकडे घेऊन गेले. मनात होतं की आवडेल, भिंतीवर लावतील, काकू देवाजवळ ठेवतील. काकांनी उठून ट्यूब लावली. प्रिंट हातात घेतला, लांब धरला, जवळ आणला, काही बोलेनात. मग काकूंना म्हणाले, "ट्यूब बंद कर गं."

आणि खाली आपल्या जागेवर जाऊन बसले. डावा खांदा दाराकडे. प्रिंट मांडीवर उभा धरला आणि भांडं फिरवतात तसा हळूहळू फिरवायला लागले, कागद तो, फिरवून काय होणार, पण सवयीने. स्वतःच्या चेहऱ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. बोट घावांच्या ओळीवरून निघालं, एक, दोन, तीन, असं सरकत गेलं, हंड्याच्या गळ्याखालच्या तिसऱ्या ओळीत थांबलं.

"हा बघा ताई. हा पोकळ बसलाय."

मी वाकून बघितलं. शेजारच्या घावांत उजेड वाटीच्या वरच्या काठाला होता, ह्यात थोडा खाली घसरलेला. मी तो फोटो शंभर वेळा बघितला असेल, मोठा करून, रंग सुधारताना, प्रिंटला देताना, मला दिसला नव्हता.

"हंडा कुणाला दिलेला?" त्यांनी काकूंना विचारलं. काकू म्हणाल्या, गेला तो, लग्नातला आहेर होता, सिन्नरचे लोक होते. काका थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "कधी आले तर सांग त्यांना, आणा म्हणावं. नीट करून देतो. पैसे नको घेऊस."

आणि प्रिंट चुन्याच्या भिंतीला टेकवून, पुराच्या रेघेच्या वर, नवा पत्रा पुढे ओढला.